घरी बसून संस्थेतील फायलींपर्यंत
वाचकांचे प्रश्न : संगणक आणि आपण

गेल्या अंकात घरच्या राउटरविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली होती : महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत सहज उघडणाऱ्या फायली घरच्या संगणकावर का उघडत नाहीत, आणि त्या सुरक्षितपणे उघडण्याचा मार्ग कोणता. या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण पुढची बरीच उत्तरे त्याच्याच आधाराने समजतात.

प्रश्न : मी मुंबईतील एका संस्थेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि डोंबिवलीला राहते. विभागातील सर्व संशोधकांच्या नोंदी एका सर्व्हरवर असतात आणि प्रयोगशाळेतील संगणकावर तो फोल्डर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसतो. घरी चांगले ब्रॉडबँड आहे, म्हणून मी तोच पाथ, म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचे नाव आणि फोल्डरचे नाव, जसाच्या तसा घरच्या लॅपटॉपवर टंकित केला. तर ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश आला. सहकाऱ्याकडून सर्व्हरचा आकडी पत्ता मिळवून तोही वापरून पाहिला, पण परिणाम तोच. इंटरनेट व्यवस्थित चालू असताना असे का होते? एखादा आलेख पाहण्यासाठी गर्दीच्या लोकलने जाऊन येण्यात अर्धा दिवस घालवावा लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

उत्तर : आपल्या लॅपटॉपमध्ये दोष नाही आणि ब्रॉडबँडमध्येही नाही. आपल्याला मिळालेला आकडी पत्ता बहुधा १० या आकड्याने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एकाने, किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल. हे तीन गट १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि जगातील कोणतीही संस्था, कोणतेही कार्यालय, कोणतेही घर ते आपापल्या कुंपणाच्या आत वापरू शकते. आपल्या इमारतीतील इंटरकॉम डोळ्यांसमोर आणावा. त्यावर ३०२ फिरवले की तिसऱ्या मजल्यावरील घरात घंटी वाजते. परंतु तोच ३०२ क्रमांक दादरमधील मावशीच्या मोबाइलवरून फिरवला तर कोठेच पोहोचत नाही, कारण तो क्रमांक त्या एका इमारतीपुरताच अर्थपूर्ण आहे. आपण डोंबिवलीहून संस्थेच्या सर्व्हरचा अंतर्गत पत्ता वापरला तेव्हा नेमके हेच झाले. सर्व्हरच्या नावाचीही तीच गत होते, कारण ते नाव ओळखणारी यादी संस्थेच्या आतल्या नामसेवेकडे असते, आपल्या ब्रॉडबँड कंपनीकडे नसते.

आपल्याकडील काही शैक्षणिक जाळी सार्वजनिक इंटरनेटपेक्षा जुनी आहेत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. पण संस्थांना परस्परांशी जोडणारा ‘अर्नेट’ हा प्रकल्प १९८६ मध्येच सुरू झाला होता, आणि त्याच्या पहिल्या आठ सहभागींमध्ये जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या मुंबईतील दोन संस्था होत्या. संस्थेचे जाळे ही आधी आतल्या माणसांची सोय असते आणि बाहेरच्या जगाशी असलेला तिचा संबंध ठरावीक, पहारा असलेल्या दारांमधूनच येतो.

आता कोणी असे सुचवील की सर्व्हरला सार्वजनिक पत्ता द्यावा आणि दार उघडून टाकावे. विंडोजमधील शेअर केलेले फोल्डर ‘एसएमबी’ या पद्धतीने चालतात आणि ते ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारातून, बोलतात. संस्थेची फायरवॉल, म्हणजे जाळ्याच्या दारावरील पहारेकरी यंत्रणा, हा पोर्ट बाहेरच्या जगासाठी बंद ठेवते, आणि अनेक इंटरनेट कंपन्याही तो आपल्या पातळीवर अडवतात. त्याचे कारण २०१७ मध्ये सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या विषाणूने एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील एका त्रुटीचा फायदा घेऊन जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या, ही त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती, पण असंख्य ठिकाणी ती बसवलेली नव्हती. २७ जूनला आलेल्या पुढच्या हल्ल्यात तीच त्रुटी वापरली गेली आणि आपल्या शेजारच्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. म्हणून संगणक केंद्राने ४४५ उघडण्यास नकार दिला तर तो आडमुठेपणा समजू नये. त्या सर्व्हरवर आपल्या एकटीच्या नाही, तर विभागातील सगळ्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत.

योग्य मार्ग असा की सर्व्हर बाहेर आणण्याऐवजी आपण आत जावे. व्हीपीएन म्हणजे हेच. आपल्या लॅपटॉपवरील एक छोटा कार्यक्रम संस्थेच्या एका विशिष्ट दाराशी सांकेतिक भाषेत बोलणी करतो, आपली ओळख पटवतो, आणि त्यानंतर इंटरनेटमधूनच पण इतरांना वाचता येणार नाही असा एक बोगदा तयार होतो. इंटरकॉमच्याच भाषेत सांगायचे तर त्या इमारतीच्या इंटरकॉमची एक तार डोंबिवलीतील आपल्या टेबलापर्यंत ओढली जाते आणि मग ३०२ फिरवल्यावर घंटी वाजते. यासाठी कोठे ओपनव्हीपीएन वापरतात, कोठे वायरगार्ड, तर कोठे फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचाच कार्यक्रम. यांपैकी कोणता वापरायचा हे आपण ठरवायचे नसते. संगणक केंद्राकडे अर्ज करावा, त्यावर मार्गदर्शकांची किंवा विभागप्रमुखांची स्वाक्षरी लागल्यास घ्यावी, आणि ते देतील तोच कार्यक्रम व तीच जोडणी फाइल वापरावी. मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी संकेताची दुसरी ओळख ते मागत असतील तर ती कटकट मानू नये. पासवर्ड चोरीला गेला तरी आपले खाते त्या संकेतामुळे वाचते. जाहिरातींमध्ये दिसणाऱ्या, पैसे भरून मिळणाऱ्या व्हीपीएनचा येथे काहीही उपयोग नाही, कारण तो आपल्याला भलत्याच इमारतीत नेऊन सोडतो.

व्हीपीएन जोडले गेले, हिरवी खूण दिसली, आणि तरीही झेड ड्राइव्ह उघडला नाही, असे बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दिवशी होते. मग लोक घाईघाईने सर्व काही काढून पुन्हा बसवतात, आणि त्यातून मूळ कारण कधीच कळत नाही. त्याऐवजी क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात : मी खरोखर आत पोहोचले आहे का, सर्व्हरचे नाव ओळखले जाते आहे का, आणि सर्व्हर मला ओळखतो आहे का.

पहिल्या प्रश्नासाठी पुष्कळ जण ‘पिंग’ करून, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून, पाहतात, पण अनेक फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत, त्यामुळे उत्तर आले नाही यावरून काही सिद्ध होत नाही. विंडोजमधील पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा आकडी पत्ता आणि ४४५ हा पोर्ट देऊन चालवावी; शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले तर रस्ता मोकळा आहे. आकडी पत्त्याने रस्ता मोकळा असेल आणि नावाने नसेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : नाव ओळखले जात नाही. संस्थेतील संगणक छोट्या नावापुढे संस्थेचे उरलेले लांब नाव आपोआप जोडतो, घरचा लॅपटॉप जोडत नाही. म्हणून घरून नेहमी सर्व्हरचे पूर्ण नाव, शेवटच्या टिंबापुढील भागासह, द्यावे. अनुभवाने सांगतो की ‘व्हीपीएन चालत नाही’ अशा तक्रारींपैकी फार मोठा वाटा एवढ्या एका गोष्टीने मिटतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी ड्राइव्ह माउसने न जोडता एकदा आज्ञापटावर (कमांड प्रॉम्प्ट) ‘नेट यूज’ ही आज्ञा वापरून जोडावा, कारण तेथे विंडोज त्रुटीचा क्रमांक सांगते आणि तो क्रमांक अतिशय बोलका असतो. त्रुटी ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. ६७ म्हणजे सहसा फोल्डरचे नाव चुकले आहे. १३२६ म्हणजे सर्व्हर भेटला, पण नाव किंवा पासवर्ड त्याला पटला नाही. ५ म्हणजे त्याने आपल्याला ओळखले, मात्र त्या फोल्डरचा अधिकार आपल्या नावावर नाही, आणि हा अधिकार विभागाकडूनच मिळवावा लागेल. १२१९ आली तर त्याच सर्व्हरशी आपण आधीच दुसऱ्या नावाने जोडलेल्या आहात. जुनी जोडणी तोडून पुन्हा प्रयत्न करावा. आपल्या बाबतीत पुढची अडचण १३२६ ची येण्याची शक्यता अधिक वाटते, कारण घरचा लॅपटॉप आपण ज्या नावाने उघडता तेच नाव तो सर्व्हरला परस्पर सांगून मोकळा होतो. ‘वेगळ्या नावाने जोडा’ हा पर्याय निवडावा आणि वापरकर्त्याच्या नावाआधी संस्थेच्या डोमेनचे, म्हणजे तेथील सर्व खाती सांभाळणाऱ्या गटाचे, नाव व एक उलटी तिरपी रेघ द्यावी. संस्थेतील पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जपून ठेवलेला जुना पासवर्डही पुसावा लागतो.

एक अडचण मात्र अशी आहे की ती या तिन्ही तपासण्यांना चकवा देते. घरच्या राउटरचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि संस्थेतील सर्व्हरही नेमक्या त्याच गटात असतो. अशा वेळी लॅपटॉप त्या पत्त्याचा शोध आपल्याच घरात घेतो, दूरदर्शन संच आणि प्रिंटर यांच्यामध्ये, आणि बोगद्याकडे वळतही नाही. दोन्ही इमारतींत ३०२ असल्यावर घंटी आपल्याच इमारतीत वाजणार. संस्थेला आपले पत्ते बदलायला सांगणे अशक्य आहे, पण घरचा राउटर आपल्या हातात आहे. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचा गट १९२.१६८.८७ अशा एखाद्या कमी वापरातल्या आकड्यावर न्यावा, राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि घरातील सर्व उपकरणे त्याच्याशी पुन्हा जोडली गेली की काम झाले.

प्रश्न : मी विरारला राहतो आणि पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझे व्हीपीएन जोडले जाते आणि फोल्डरही दिसतो, परंतु एक्सेलची मोठी फाइल उघडायला दोन-दोन मिनिटे लागतात, आणि मध्येच वीज गेल्यामुळे दोनदा फाइल अर्धवट राहिली. विभागाची जुनी माहिती ॲक्सेसच्या डेटाबेसमध्ये आहे, ती तर उघडतच नाही. ब्रॉडबँडचा वेग १०० एमबीपीएस आहे. आणखी वेग घ्यावा काय?

उत्तर : वेग वाढवून घेण्यात पैसे घालू नयेत, कारण आपली अडचण वेगाची नाही, फेऱ्यांची आहे. शेअर केलेली फाइल उघडताना संगणक सर्व्हरला एकदाच ‘फाइल दे’ असे म्हणत नाही. तो ती आहे का, कोणी उघडली आहे का, तिचा हा भाग दे, आता तो भाग दे, अशा लहानलहान विनंत्या करतो आणि पुष्कळदा आधीचे उत्तर आल्याखेरीज पुढची विनंती करत नाही. महाविद्यालयाच्या आत एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो असे धरले तर २००० फेऱ्या एका सेकंदात होतात. घरून बोगद्यातून एका फेरीला २५ मिलिसेकंद लागले तर त्याच २००० फेऱ्यांना ५० सेकंद लागतात, मग आपले ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचे असो वा ३०० चे. एसएमबीच्या २००६ नंतरच्या आवृत्त्यांनी अशा फेऱ्या बऱ्याच कमी केल्या, तरी एक्सेलसारखा कार्यक्रम स्वतःहून जे पुन:पुन्हा विचारतो त्यावर त्यांचा इलाज चालत नाही.

म्हणून दूरवरची फाइल जागेवर उघडून काम करू नये. ती आधी घरच्या संगणकावर उतरवून घ्यावी, काम करावे आणि मग परत ठेवावी. सरळ नक्कल करताना फेऱ्या थोड्या असतात आणि तेथे आपला ब्रॉडबँडचा वेग खरोखर कामी येतो. हिशेब करताना एमबीपीएस म्हणजे बिट्स आणि फाइलचा आकार म्हणजे बाइट्स हे विसरू नये, आठाचा फरक पडतो. ४ जीबीची फाइल १०० एमबीपीएसने उतरायला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागतील, परंतु परत चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल तर तिलाच सुमारे सत्तावीस मिनिटे लागतील, आणि त्या सत्तावीस मिनिटांत वीज जाऊ शकते. त्यामुळे परत ठेवताना मूळ फाइलवर थेट लिहू नये. वेगळ्या नावाने चढवावी, पूर्ण चढली आहे याची खात्री करावी आणि मग नाव बदलावे. जोडणी मध्येच तुटल्यावर ‘ही फाइल अमुक व्यक्ती वापरत आहे’ असा संदेश येत राहिला आणि ती अमुक व्यक्ती आपणच असाल, तर त्या फोल्डरमध्ये टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होणारी एक लपलेली फाइल मागे राहिलेली असते. दुसरे कोणीही काम करत नाही हे फोनवर विचारून मगच ती पुसावी.

ॲक्सेसच्या डेटाबेसची गोष्ट वेगळी आहे आणि त्याबाबत मी आग्रहाने सांगतो : तो व्हीपीएनवरून कधीही उघडू नये. त्यात प्रत्येक वापरकर्त्याचा संगणक सर्व्हरवरील फाइलच्या आतल्या पानांवर थेट लिहीत असतो, त्यामुळे लिहीत असताना जोडणी तुटली की फक्त आपली नोंद जात नाही, सबंध डेटाबेस बिघडू शकतो. आपल्यासाठी चांगला उपाय रिमोट डेस्कटॉपचा आहे. व्हीपीएनने आत जावे आणि महाविद्यालयातील आपल्याच टेबलावरील संगणक घरच्या पडद्यावर उघडावा. मग एक्सेल तेथेच चालते, ॲक्सेसही तेथेच, फेऱ्या आतल्या आत होतात आणि बोगद्यातून घरी येते ते केवळ पडद्याचे चित्र. विरारची वीज गेली तरी तेथील काम होते तसे उघडे राहते. यासाठी महाविद्यालयातील संगणकावर विंडोजची ‘प्रो’ किंवा वरची आवृत्ती हवी, कारण ‘होम’ आवृत्ती दुसऱ्याला आत घेत नाही. घरी मात्र ‘होम’ चालते. तो संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची बायोसमधील, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधील, सोय संगणक केंद्राकडून चालू करून घ्यावी, नाहीतर सोमवारी सकाळी शिपायाला फोन करून बटण दाबायला सांगावे लागते.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. महाविद्यालयाने व्हीपीएन दिले आहे, पण बाबा म्हणतात की सरकारने व्हीपीएनवर निर्बंध घातले आहेत आणि उगाच भानगड नको. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या वडिलांनी ऐकले ते निराधार नाही, पण ते आपल्याला लागू होत नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले होते. पुढे दिलेल्या स्पष्टीकरणात, संस्था आणि कंपन्या आपल्याच माणसांसाठी चालवतात ते व्हीपीएन या अटीतून वगळल्याचे नमूद केले आहे. व्हीपीएन वापरणे हा भारतात गुन्हा नाही. एवढे मात्र वडिलांना आणि स्वतःलाही सांगून ठेवावे की आपण केव्हा जोडले गेलात याची नोंद महाविद्यालयाकडे राहते, आणि संपूर्ण वाहतूक बोगद्यातून नेणारी रचना असेल तर जोडलेले असताना आपण जे काही पाहाल तेही महाविद्यालयाच्याच दारातून जाते. काम संपले की जोडणी तोडावी.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील एका मित्राने व्हीपीएनच्या अर्जाची वाट न पाहता प्रयोगशाळेच्या संगणकावर दूरनियंत्रणाचे मोफत ॲप बसवून ठेवले आहे. दुसरा म्हणतो की आमच्या विभागाचा वेगळा राउटर आहे, त्यावर ३३८९ पोर्ट उघडला की थेट रिमोट डेस्कटॉप मिळेल. अर्ज करून तीन आठवडे झाले आहेत. यांपैकी काय करू?

उत्तर : दोन्ही करू नये. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटवर उघडला की जगभर सतत चालू असलेले स्वयंचलित शोधयंत्र तो थोड्याच वेळात हुडकून काढते आणि पासवर्डचे अंदाज बांधण्यास सुरुवात करते. मे २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची इतकी गंभीर त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्टला पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती द्यावी लागली. प्रयोगशाळांमध्ये यंत्रांना जोडलेले जुने संगणक अजूनही असतात आणि त्यांच्यावर दुरुस्त्या बसवलेल्या नसतात, म्हणून हा धोका आपल्याकडे कागदावरचा नाही. मोफत ॲपचा दोष निराळा आहे : ते चोरवाटेने आत आणते, आणि ती वाट कोणाकडे आहे हे संगणक केंद्राला कळत नाही. मित्र पदवी घेऊन गेला तरी त्याच्या मोबाइलवरून प्रयोगशाळेचा संगणक उघडत राहील.

तीन आठवड्यांचा विलंब मात्र योग्य नाही आणि आपली चीड मला समजते. संगणक केंद्रात समक्ष जावे, अर्जाचा क्रमांक सांगावा, आणि तोपर्यंत एसएफटीपीची, म्हणजे फायलींच्या सुरक्षित ने-आणीची, सोय आहे का हे विचारावे. संशोधन संस्थांमध्ये गणनेसाठी वापरलेल्या लिनक्स सर्व्हरवर बाहेरून येण्याचे एक राखलेले दार अनेकदा आधीपासून असते. त्यातून विनएससीपी किंवा फाइलझिला वापरून फायली ने-आण करता येतात आणि त्यासाठी शेअर केलेल्या फोल्डरची गरज पडत नाही.

प्रश्न : मी गिरगावात राहते, इतिहासात एम.ए. करते. मला सर्व्हर वगैरे काही नको, फक्त महाविद्यालयात उघडणारी संशोधनपत्रिका घरी उघडायची आहे.

उत्तर : मग व्हीपीएनच्या मागे लागू नये. पत्रिकेच्या संकेतस्थळावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ असा पर्याय असतो. तेथे आपल्या संस्थेचे नाव निवडले की संस्थेच्याच लॉगिनने लेख उघडतो. भारतात ही ओळख पटवण्याची व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने ‘इन्फेड’ या नावाने उभी केली आहे. महाविद्यालयांसाठी त्यांचीच ‘एन-लिस्ट’ ही ई-साहित्याची योजनाही आहे. आपले खाते आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे.

प्रश्न : मी शिवडीत राहतो आणि एका महाविद्यालयात शिकवत असतानाच प्रबंध लिहितो आहे. एवढ्या खटाटोपापेक्षा पेनड्राइव्ह सोपा नाही का? सगळा प्रबंध, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि विद्यार्थ्यांचे गुण मी पेनड्राइव्हवर ठेवतो आणि घरी मुलाच्या संगणकावर काम करतो.

उत्तर : आपले पत्र वाचून मला काळजी वाटली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी उपनगरातील एका संस्थेच्या संगणक केंद्रात काम करत होतो. तळमजल्यावरील विभागात कमरेएवढे पाणी शिरले. दोन दिवसांनी आत जाता आले तेव्हा टेबलाखालचे सगळे संगणक चिखलाने भरलेले होते आणि खणांमध्ये ठेवलेल्या सीडींच्या थप्प्या एकमेकींना चिकटल्या होत्या. एक संशोधक आपला संगणक उचलून उन्हात ठेवून त्याच्याजवळ बसून राहिला होता. त्याच्या चार वर्षांच्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही नव्हती आणि तो संगणक पुन्हा सुरू झाला नाही. त्याच विभागातील ज्यांनी आळस न करता काम तिसऱ्या मजल्यावरील सर्व्हरवर ठेवले होते, त्यांना आठवडाभरात सर्व काही परत मिळाले. त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

पेनड्राइव्ह तर पाण्याविनाही जातो. हार्बर लोकलच्या गर्दीत खिशातून पडतो, झेरॉक्सच्या दुकानात संगणकाला लावलेला विसरतो, तेथील विषाणू घेऊन महाविद्यालयात येतो. तो ने-आणीसाठी वापरला तरी हरकत नाही, पण मूळ प्रत त्याच्यावर ठेवू नये. आपली मूळ प्रत सर्व्हरवर असावी, कारण तिच्या रोजच्या नकला घेण्याचे काम तेथे कोणीतरी नेमून दिलेले असते. घरी एक कामापुरती प्रत असावी आणि एक प्रत या दोन्हींपासून दूर, तिसऱ्या ठिकाणी असावी. पेनड्राइव्ह वापरणारच असाल तर विंडोज प्रोमधील बिटलॉकरने त्याला कुलूप लावावे.

ध्वनिमुद्रणे आणि गुण यांचा विचार प्रबंधाहून वेगळा करावा लागेल. प्रबंध आपला आहे. ती माहिती दुसऱ्यांची आहे आणि त्यांनी ती आपल्यावर विश्वास ठेवून दिली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे, त्यामुळे गुणांची यादी घरी नेण्यास आपल्या महाविद्यालयाची परवानगी आहे का, हे परीक्षा विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. मुलाचा संगणक मुलाचाच राहू द्यावा. त्यावर खेळांसाठी काय काय उतरवलेले असेल ते आपल्याला ठाऊक नसते, आणि अशा संगणकावरून व्हीपीएन जोडले तर त्यावरील रोग बोगद्यातून थेट संस्थेत जाऊ शकतो. दुसरा संगणक घेणे शक्य नसेल तर त्यावर आपल्यासाठी निराळे, प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते तयार करावे, विंडोजच्या दुरुस्त्या आणि विषाणूरोधक चालू आहेत हे पाहावे, आणि गुणांचे काम फक्त रिमोट डेस्कटॉपवरून करावे, म्हणजे यादी महाविद्यालयातच राहील.

जूनपूर्वी आणखी एक काम करावे. सर्व्हरवरील नकलांमधून आपल्या प्रबंधाचे एखादे जुने प्रकरण परत काढून देण्याची विनंती संगणक केंद्राला करावी आणि ती फाइल स्वतः उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहावी. उघडली नाही तर त्याच दिवशी त्यांना लेखी कळवावे.